भाग की खेळ? इथन हंटच्या नवव्या मोहिमेआधी

जत्रेत पालखीची प्रदक्षिणा आटोपून दशावतार उभा राहायला रात्रीचा एक तरी वाजतोच. तोवर खाजं चघळत बसायचं आणि गप्पा मारायच्या. या वर्षी मुंबईहून आलेल्या पुतण्याने विषय काढला, "काका, मिशन इम्पॉसिबलचा नववा काढावा का? त्यातला हेर इथन हंट जिवंत आहे अजून. बाँड तर मेला, तरी त्याचा पुढचा येतोय."

शेजारी आप्पा बसले होते. उमेदीच्या काळात एका दशावतारी कंपनीत त्यांनी पायपेटी वाजवली आहे.

"कोण मेलो?"

"एक गुप्तहेर. सिनेमातला."

"मगे मेलो म्हणान काय झाला? आमचो दैत्य परवा पाटाक मेलो, काल तेंडोलीक मेलो, आज हंय मरतलो. उद्याची सुपारी घेवन ठेवलेली आसा."

(इथली सुपारी म्हणजे नाटक ठरवण्याची. हेरपटांच्या गप्पांत हा खुलासा केलेला बरा.)

पुतण्या हसला, पण मला वाटतं आप्पांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. 'सिक्वेल' या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगवेगळ्या वस्तू खपवतो. एक असतो भाग, दुसरा असतो खेळ. भागाच्या शेवटी 'क्रमशः' असतं. आधीच्यात काहीतरी राहून गेलेलं असतं, ते फेडायला पुढचा येतो. खेळात काहीच राहिलेलं नसतं. तोच वेष, तीच पेटी, गाव नवं आणि आख्यान नवं. त्यामुळे 'पुढचा हवा का' हे विचारण्याआधी पुढचा काय, भाग की खेळ, ते ठरवावं लागतं. उत्तरं दोन निघतात, आणि बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध.

दशावतार हा खेळाचा निर्भेळ नमुना. लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं हे ठरलं की कोण कुठला वेष घेणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. सुरुवात मात्र बांधलेली : आडदशावतारात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुराची भटजीशी झकाझकी होते. (हल्ली हा भाग फार आवरता घेतात. मला ते पटत नाही.) मग राजा येऊन बाकड्यावर बसतो आणि बाकडं सिंहासन होतं. मागच्या वर्षी या राजाचं काय झालं होतं, हे कोणी विचारत नाही. नट बदलला तरी मुकुट तोच.

आता निर्भेळ भाग पाहायचा तर फार लांब जायला नको, तेरेखोलची खाडी ओलांडली की झालं. जेसन बोर्न या स्मृती हरवलेल्या हेराचा २००४ सालचा 'द बोर्न सुप्रीमसी' गोव्यात सुरू होतो. बोर्न आणि त्याची मैत्रीण मरी लपून राहत असतात, मारेकरी माग काढत येतो, पुलावर बोर्नसाठी झाडलेली गोळी मरीला लागते आणि जीप नदीत कोसळते. आमच्याकडच्या माणसाला ती माडाची झाडं, ते वळणाचे रस्ते बघताना आपल्याच गावात खून पडल्यासारखं वाटतं. पण हा मृत्यू आप्पांच्या दैत्याचा नव्हे. मरी पुढच्या गावात पुन्हा उभी राहत नाही. ती गेली म्हणून बोर्न पुढे जे करतो ते करतो.

बोर्नची गोष्ट मुळात एकाच प्रश्नाची : मी कोण? २००२ च्या पहिल्या चित्रपटात तो भूमध्य समुद्रात बेशुद्ध तरंगताना मच्छीमारांना सापडतो, पाठीत गोळ्या, नाव-गाव आठवत नाही. दुसऱ्याच्या अखेरीस आपलं खरं नाव डेव्हिड वेब असल्याचं त्याला कळतं, आणि २००७ च्या तिसऱ्यात कळतं की आपण स्वतःच्या संमतीने या धंद्यात उतरलो. शेवटी तो न्यू यॉर्कच्या नदीत पडतो, क्षणभर पहिल्या दृश्यातल्यासारखाच निपचित तरंगतो आणि मग पोहत निघून जातो. पाण्यातून आला, पाण्यात गेला. याहून स्वच्छ शेवट मला तरी हेरपटात आठवत नाही.

तरीही पुढचे आलेच. २०१२ चा 'बोर्न लेगसी' बोर्नशिवाय काढला, जेरेमी रेनरला घेऊन. म्हणजे भागांच्या मालिकेचा एकदम खेळ करायला गेले आणि फसले, कारण इथे मुकुट असा नव्हताच. होता तो एका माणसाचा हरवलेला भूतकाळ, आणि तो दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाही. २०१६ मध्ये मॅट डेमन परतला, तर बापाची एक गोष्ट काढली. मिटलेल्या खतावणीत नवी ओळ घुसडावी तशी. बोर्नला पुढचा भाग नको आणि खेळही नको. एवढ्यावर मी तो विषय मिटवतो.

बाँडचं उलटं. १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत मूळ निर्मात्यांचे पंचवीस चित्रपट, सहा नट. बंदुकीच्या नळीतून दिसणारा, चालत येऊन आपल्यावर गोळी झाडणारा माणूस हा त्यांचा आडदशावतार. नट बदलला तर कारण कुणी देत नाही आणि कुणी मागत नाही. गंमत अशी की आठवण मात्र राहते. १९६९ च्या चित्रपटात जॉर्ज लेझनबीच्या बाँडची बायको लग्नाच्या दिवशीच मारली जाते, आणि १९८१ मध्ये रॉजर मूरचा बाँड तिच्या थडग्यावर फुलं ठेवतो. लग्न एकाने केलं, फुलं दुसऱ्याने वाहिली, आणि डोळे पुसणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. खेळाला स्मृती नसते असं नाही. ती नटाची नसून वेषाची असते, इतकंच.

बिघडलं ते डॅनियल क्रेगच्या काळात, म्हणजे बिघडलं असं माझं मत. २००६ चा 'कसीनो रॉयाल' उत्तम. पण नंतर क्रेगच्या पाचही चित्रपटांची एकच कहाणी विणायचा हट्ट सुरू झाला. २०१५ मध्ये तर आधीच्या तिन्ही चित्रपटांतल्या खलनायकांमागे एकच माणूस होता, आणि तो बाँडसोबत लहानपणी वाढलेला, असं उघड झालं. खेळाचे बळेच भाग केले. भाग केले की शेवट लागतो, म्हणून २०२१ मध्ये बाँड क्षेपणास्त्रांखाली मेला. आणि श्रेयनामावलीच्या तळाला पूर्वीसारखीच ओळ आली : जेम्स बाँड परत येईल. पुतण्याला हे विसंगत वाटतं. आप्पांना वाटणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडचा सर्जनशील ताबा अ‍ॅमेझॉनकडे गेला, नंतर दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. पुढचा बाँड म्हणजे भाग सव्वीस नव्हे, नवी सुपारी आहे. ती त्यांनी जरूर घ्यावी.

राहिला आपला मूळ प्रश्न, आणि तो अवघड आहे, कारण मिशन इम्पॉसिबल खेळ म्हणून जन्मली आणि वाटेत भाग झाली.

१९६६ ते १९७३ ही अमेरिकी टीव्हीवरची मालिका होती. दर आठवड्याला टेपवर कामगिरी ऐकवली जायची, टेप पाच सेकंदांत जळायची, चमूचा प्रमुख आपली माणसं निवडायचा, आणि मुखवटे घालून ती कुणाला तरी गंडवायची. मुखवटे! पहिल्या वर्षी प्रमुख होता डॅन ब्रिग्ज. दुसऱ्या वर्षापासून त्याच्या जागी जिम फेल्प्स. ब्रिग्ज कुठे गेला, कळलं नाही. निखळ खेळ.

१९९६ मध्ये टॉम क्रूझने ती पडद्यावर आणली तेव्हा पहिल्याच चित्रपटात फेल्प्स गद्दार निघाला आणि बाकीचा बहुतेक चमू प्रागमध्ये कापला गेला. उरला एकटा इथन हंट. तिथेच वेषापेक्षा नट मोठा झाला. तरी पुढची काही वर्षं खेळच चालला. पहिल्या पाच चित्रपटांना पाच दिग्दर्शक, आणि प्रत्येकाचा ढंग वेगळा. २०११ च्या 'घोस्ट प्रोटोकॉल'मध्ये क्रूझ बुर्ज खलिफावर लटकतो आणि शेवटची हाणामारी मुंबईत होते. तो मी टीव्हीवर मध्येच लागला तरी बघतो. आधीचं काही ठाऊक असायची गरज नाही. खेळ ओळखायची ही साधी खूण : अर्ध्या रात्री येऊन बसलात तरी दहा मिनिटांत लय सापडते.

२०१८ पासून ही खूण पुसायला लागली. पहिल्यांदाच आधीचाच दिग्दर्शक राहिला, क्रिस्टोफर मॅक्वॉरी. पहिल्यांदाच आधीचाच मुख्य खलनायक परतला. 'फॉलआउट'मध्ये ते झकास जमलं. मग २०२३ चा 'डेड रेकनिंग' आणि २०२५ चा 'द फायनल रेकनिंग' आले.

डेड रेकनिंग हा शब्द दर्यावर्दींचा. किनारा दिसत नाही तेव्हा शेवटच्या खात्रीच्या जागेपासून दिशा, वेग आणि वेळ यांचा हिशेब करत आपण कुठे आहोत ते ठरवायचं. त्यातली मेख तांडेलांना शिकवावी लागत नाही. सुरुवातीला बोटभर चुकलेली दिशा दिवसाअखेर कोसभर होते. म्हणून डोंगर, देऊळ, एखादं उंच झाड ही खूण दिसली की आधीचा हिशेब सोडून पुन्हा जागा पक्की करायची. खेळ प्रत्येक वेळी अशी नवी खूण घेतो. भाग घेत नाही, तो मागच्या हिशेबावरच पुढे जातो, चुकांसकट.

'फायनल रेकनिंग' नेमकं तेच करतो. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद ओलांडा.) २००६ च्या चित्रपटात सगळे ज्याच्यामागे धावतात तो 'रॅबिट्स फूट' नेमका काय, हे तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं. तो सांगायचा नव्हताच, पळापळीला निमित्त होता. एकोणीस वर्षांनी त्याचा धागा या शेवटच्या दोन चित्रपटांतल्या खलनायकाला, एका दुष्ट कृत्रिम बुद्धीला, जोडला. १९९६ मध्ये ज्याच्या तिजोरीतून हेरांची यादी चोरली होती तो बिचारा कारकून बर्फाळ बेटावर सापडला, आणि एक अधिकारी फेल्प्सचा मुलगा निघाला. त्या कारकुनाचं येणं मला खरंच आवडलं. फेल्प्सच्या मुलाचं काहीच अडलेलं नव्हतं. मी हा चित्रपट मे महिन्यात पणजीला जाऊन पाहिला. समुद्राखालच्या पाणबुडीतली आणि दोन विमानांमधली दृश्यं सोडली तर बराच वेळ जुन्या चित्रपटांचे तुकडे बघण्यात आणि 'हे सगळं तुझ्यामुळे' असं ऐकण्यात गेला. ल्यूथर, पहिल्या चित्रपटापासूनचा सोबती, गेला. म्हणजे हिशेब चुकता झाला, थोडा जास्तच.

म्हणून इथन हंटचा नववा भाग नको. फेडायचं काही उरलेलं नाही, आणि आता काढाल ते बोर्नच्या बापासारखं होईल. पैशाचा वाराही तसा नाही. 'फॉलआउट'ने जगभर सुमारे ७९ कोटी डॉलर कमावले, 'फायनल रेकनिंग'ने ६० कोटींच्या आसपास, आणि त्याचा खर्चच ३० कोटींच्या वर सांगितला जातो.

आपल्याकडचे हिंदी हेरपट यात कुठे बसतात, असं पुतण्याने मध्येच विचारलं. टायगर, पठाण, 'वॉर'वाला कबीर. ते मला भागही वाटत नाहीत आणि खेळही. ती जत्रा आहे : या दुकानातून त्या दुकानात पाहुणा जातो, हात हलवतो, परत येतो. त्यावर वेगळं बोलू.

मिशन इम्पॉसिबलचा नवा खेळ मात्र चालेल. चालेलच काय, टेप जळतेय आणि मुखवटा सोलून निघतोय असं दोन तासांचं एखादं नेटकं आख्यान मला हवंच आहे.

"पण क्रूझशिवाय बघणार कोण?" पुतण्याचा मुद्दा खोटा नाही. १९९६ चा पहिला चित्रपट आला तेव्हा क्रूझ तेहेतीस वर्षांचा होता, आठवा आला तेव्हा बासष्ट. लोक इथन हंटला बघायला जात नाहीत. नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकल घेऊन खरोखर उडी मारणाऱ्या टॉम क्रूझला बघायला जातात. 'फॉलआउट'च्या वेळी लंडनमध्ये त्याचा घोटा मोडला, तो घोटा इथनचा नव्हता. हा सगळा धंदा एका देहाला बांधलेला आहे.

मी हे आप्पांना समजावून सांगितलं. त्यांना ते नवं नव्हतं. एखाद्याचा राजा बघायला दहा गावं लोटतात, तो थकला की पुढचा उभा राहतो, आणि पहिली तीन-चार वर्षं लोक मागच्याचंच नाव काढत समोर बसतात.

"शिव्या घालतत," आप्पा म्हणाले, "पण उठान जायनत नाय."

तेवढ्यात पेटीचा सूर लागला आणि ते सरसावून पुढे जाऊन बसले.