हिरवा मेलेला की जिवंत?

गेल्या दिवाळीत भाचा आला आणि त्यानं मुठीतली शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "मामा, बघा की, कसली चकाचक केलीय! नाद खुळा!" नाणं चमकत होतं यात शंका नाही, पण खपली काढलेल्या कातडीसारखं गुलाबी. ही शिवराई माझ्या आईच्या देव्हाऱ्यातली. लहानपणापासून मी तिला गडद चॉकलेटी रंगातच ओळखत होतो. अंधारात बोट फिरवलं तरी 'छत्र पति' ही अक्षरं हाताला लागायची. भाच्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून तिला आधी संडास धुण्याच्या आम्लात बुडवलं, मग चिंच-मीठ चोळलं आणि वर तारेच्या घासणीनं घासलं. मी काही बोललो नाही. सणाच्या दिवशी कशाला.

यंदा आषाढात तो तीच शिवराई घेऊन परत आला. आता तिच्यावर पोपटी ठिपके होते, पिठासारखे. "मामा, हिला बुरशी आलीय."

बुरशी नव्हे ती. पण चूक समजण्यासारखी आहे, कारण हा रोग वागतो बुरशीसारखाच. पावसाळ्यात येतो, पुसला की जातो आणि चार दिवसांनी त्याच जागी परत उगवतो. इंग्रजीतही त्याला 'ब्राँझ डिसीज', म्हणजे काशाचा रोगच म्हणतात. जुनी नाणी जमवणाऱ्या प्रत्येकानं कुलूप-किल्लीच्या आधी हा रोग समजून घ्यावा, असं माझं मत आहे. आज लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

तांबं हिरवं पडतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आजीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. पण प्रत्येक हिरवा म्हणजे कळक नव्हे. शिवराई हातात फिरते, मग गाडग्यात पडते, गाडगं जमिनीत जातं. या प्रवासात तांब्यावर आधी ऑक्साइडचा लालसर-तपकिरी थर बसतो. जमिनीतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला तर त्यावर मॅलेकाइट, म्हणजे तांब्याचं हिरवं कार्बोनेट तयार होतं. हा थर घट्ट असतो, गुळगुळीत असतो आणि खालच्या धातूला हवेपासून राखतो. नाणकशास्त्रात त्याला पॅटिना म्हणतात. मी साय म्हणतो.

आणि इथं एक गोष्ट आहे जी व्हिडिओवाले कधीच सांगत नाहीत. बऱ्याच जुन्या नाण्यांत अक्षरांचा मूळ पृष्ठभाग उरलेला असतो तो या सायीत, खालच्या धातूत नव्हे. वरचं तांबं हळूहळू सायीत बदललं, पण आकार तसाच राहिला. साय काढली की अक्षरं 'स्वच्छ' होत नाहीत, सायीबरोबर निघून जातात. भाच्याच्या शिवराईवर 'छत्र' राहिलं आहे, 'पति' निम्मा.

आता रोगाकडे. इथून पुढचे दोन-तीन परिच्छेद जरा हिशेबाचे आहेत. कंटाळा आला तर उडी मारा, पण मला मात्र सगळ्यात जास्त मजा इथंच येते.

गुन्हेगार आहे क्लोराइड. मिठात तेच, घामात तेच, संडासाच्या आम्लात तर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात तेच. तांब्याच्या नाण्याला सूक्ष्म खड्डे असतात. क्लोराइड त्यात शिरलं की तांब्याशी जोडी जमवून क्युप्रस क्लोराइड होतं. हा पदार्थ पांढुरका, मेणासारखा. सायीखाली दडून बसतो, वरून दिसत नाही. कोरड्यात तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. दमट हवा लागली की जागा होतो.

जागा झाल्यावर काय करतो? क्युप्रस क्लोराइडचे चार रेणू घ्या. हवेतला ऑक्सिजनचा एक रेणू आणि पाण्याचे चार रेणू त्यांना भेटले की दोन गोष्टी तयार होतात: ती पोपटी भुकटी, जिला तांब्याचं बेसिक क्लोराइड म्हणता येईल, तिचे दोन रेणू, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू. म्हणजे नाण्याच्या पोटातच आम्ल तयार झालं. बाहेरून कुणी ओतलं नाही. हे आम्ल ऑक्सिजनच्या मदतीनं शेजारचं चांगलं तांबं खातं आणि पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवतं. ते पुन्हा ओलावा पितं, पुन्हा भुकटी, पुन्हा आम्ल. रहाटगाडगं सुरू. हे चक्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं.

पुष्कळ ठिकाणी पुढं असं लिहिलेलं असतं की मिठाचा एक कण अख्खं नाणं खाऊन टाकतो, कारण क्लोराइड कधी संपतच नाही. मी हे कागदावर मांडून पाहिलं. सुरुवातीला क्लोरिनचे चार अणू. पहिल्या फेरीत दोन भुकटीत अडकले, दोन आम्लात सुटले. सुटलेल्या दोघांनी तांब्याचे दोन नवे अणू धरले. पुढच्या फेरीत त्यातला एक अडकला, एक सुटला. मग अर्धा, मग पाव. सगळं एकत्र केलं तर मूळ क्युप्रस क्लोराइडमध्ये जितकं तांबं होतं, जेमतेम तितकंच तांबं आणखी जातं. म्हणजे चक्र अनंत नाही, दर फेरीला निम्मं होणारं आहे. (भुकटीचं सूत्र बघितलं तरी हेच निघतं: तांब्याचे दोन अणू, क्लोरिनचा एक.)

मग भीती कशाची? एक म्हणजे, जमिनीत शेकडो वर्षं पडलेल्या नाण्यात क्युप्रस क्लोराइड चिमूटभर नसतं, सायीखाली त्याचा सलग थर असू शकतो. त्याच्या दुप्पट म्हणजे पुष्कळ झालं. दुसरं म्हणजे जागा. तांब्याचा एक अणू धातूतून या भुकटीत गेला की त्याला पूर्वीच्या साधारण चौपट जागा लागते. खड्ड्यात तेवढी जागा कुठून येणार? भुकटी वरची साय फोडून बाहेर येते, अक्षरासकट. शिवराईवरच्या अक्षराचा उठाव मिलिमीटरच्या काही दशांश. त्याला किती तांबं लागतं?

आणि हवा आपल्या कोल्हापूरची. क्युप्रस क्लोराइड शांत ठेवायचं तर सापेक्ष आर्द्रता सुमारे 42 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवी, असं संवर्धनतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात, कपाटातल्या चपलांना खरोखरची बुरशी येते. उन्हाळ्यात गप्प असलेलं नाणं आषाढात बोलतं ते यामुळं. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांचे अल्बम पाण्यात गेले, त्यांनी नाणी कोरडी करून परत त्याच अल्बमात ठेवली असतील तर एकदा भिंगाखाली जरूर बघावीत.

बघायचं ते हेच, हिरवा मेलेला की जिवंत. गडद, घट्ट, नखानं न निघणारा हिरवा म्हणजे मेलेला. तो साय आहे, त्याला हात लावू नका. फिकट पोपटी, पिठूळ, बाभळीच्या काट्यानं टोकरला की सहज निघणारा आणि काढला तरी चार-आठ दिवसांत परत येणारा, तो जिवंत. शंका असेल तर नाणं झाकणाच्या डबीत ओल्या कापसाशेजारी (कापसाला न टेकवता) दिवसभर ठेवा. जिवंत असेल तर ताजे ठिपके दाखवेल.

तांब्याची ही गोष्ट, पण कोल्हापूरचं खरं वैशिष्ट्य शिशाच्या नाण्यांत आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. सातवाहनकाळात या भागात कुर राजांची शिशाची नाणी चालत. एका बाजूला धनुष्यबाण आणि ब्राह्मी अक्षरांत विळिवायकुर, सिवलकुर अशी नावं. आपल्यापैकी कितीजणांना हे राजे ठाऊक आहेत? या राजांचा क्रम कळला तो नाण्यांवरच्या नाण्यांमुळं. आधीच्या राजाच्या नाण्यावर नंतरच्यानं आपला ठसा मारला, आणि खालचा ठसा वरच्याखालून पुसट दिसत राहिला. कुणाच्या खाली कोण, यावरून आधी कोण हे ठरलं. त्या नाण्यांवर कुणी तारेची घासणी चालवली असती तर तो पुसट ठसा गेला असता आणि त्याबरोबर एका घराण्याचा क्रमही.

शिशाला क्लोराइडपेक्षा व्हिनेगरच्या वाफेचं भय जास्त. लाकडी कपाट, प्लायवूड, डिंक, पुठ्ठा यांतून असेटिक आम्लाची अगदी हलकी वाफ येत राहते. ती शिशावर बसून असिटेट बनवते, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं पांढरं कार्बोनेट करतो आणि आम्ल पुन्हा मोकळं सुटतं. तांब्याच्या हिशेबात निम्मं आम्ल दर फेरीला अडकत होतं, इथं बहुतेक सगळं परत येतं. म्हणून सागवानी पेटीत मखमलीवर ठेवलेलं शिशाचं नाणं पांढऱ्या राखेसारखं होऊन जातं. ही राख विषारी. फुंकर मारू नका, हात धुवा.

चांदीचं थोडक्यात सांगतो, कारण गुजरीतला कोणताही सराफ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल. जुना कलदार रुपया म्हणजे 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा. चांदीचा काळेपणा हा गंधकाचा, सल्फाइडचा. तो अतिशय पातळ असतो आणि नाण्याला फारसा त्रास देत नाही. लक्ष्मीपूजनाला कलदार पंचामृतात न्हाऊ घालत असाल तर घाला, पण नंतर साध्या पाण्यानं नीट धुऊन कोरडा करा. आणि त्याला दरवर्षी पॉलिश करू नका. दर पॉलिशला थोडी चांदी कापडावर जाते.

नाण्यांचा आणि श्रद्धेचा विषय निघालाच आहे तर पंचगंगेच्या पुलावरून नाणी फेकणाऱ्यांबद्दल एक शब्द. 'पूर्वी नाणी तांब्याची होती, तांबं पाणी शुद्ध करतं, म्हणून आपले पूर्वज नदीत नाणी टाकायचे' हा मजकूर दर श्रावणात फिरतो. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू मरतात हे खरं. पण तांब्याच्या तांब्यातलं रात्रभराचं पाणी वेगळं आणि वाहती नदी वेगळी. शिवाय आजचं एक-दोन रुपयांचं नाणं पोलादाचं आहे. घाटावरची पोरं दोरीला लोहचुंबक बांधून ती नाणी वर ओढतात, तांब्याची असती तर ओढली गेली असती का? नदीत सांडपाणी सोडायचं आणि वर रुपया टाकून शास्त्र सांगायचं, हे मला पटत नाही.

दुसरा भ्रम पैशाचा. '1818 चं राम-सीता छापलेलं कंपनीचं नाणं, किंमत पंचवीस लाख'. ईस्ट इंडिया कंपनीनं असं नाणं कधी चलनात आणलंच नव्हतं. ही नंतर पाडलेली टोकनं आहेत. जुनी नाणी खरेदीच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून 'फी' उकळली जाते, आणि बँकेनं 2021 मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. एक गोष्ट मात्र खरोखर कायद्याची आहे. शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा असला की झालं.

मग घरी काय करायचं? बहुतेक वेळा काहीच नाही. माती असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, नळाचं नको, त्यात क्लोरिन असतं. त्यात नाणं दोन-चार दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ झालेली माती बांबूच्या काडीनं काढा. टॉवेलनं घासू नका, टिपा. मग साठ वॉटच्या बल्बखाली तासभर. नाण्याला कडेनं धरा, घामाचा अंगठा म्हणजे मिठाचा शिक्का. नव्या रेनकोटसारखा वास येणारे अल्बम टाकून द्या. ते पीव्हीसीचे असतात आणि कालांतरानं त्यातून तेच जुनं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. पॉलिएस्टरचे पारदर्शक पाऊच, हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यात पावसाळा निघतो. पुड्या मधूनमधून तव्यावर मंद गरम करून वाळवायच्या.

जिवंत हिरव्यासाठी सोडा. शुद्ध धुण्याचा सोडा (कपड्याची पावडर नव्हे) आणि खाण्याचा सोडा मिळून लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात साधारण 50 ग्रॅम. नाणं त्यात आठवडेच्या आठवडे ठेवायचं, पाणी बदलत. क्लोराइड हळूहळू बाहेर येतं. याची किंमत म्हणजे सायीचा रंग थोडा बदलतो, म्हणून संग्रहालयं हल्ली हा उपाय जपून करतात. मौल्यवान नाणं असेल तर तुम्हीही करू नका, जाणकाराकडे न्या.

भाच्याच्या शिवराईला गमवायला साय उरलेलीच नव्हती, म्हणून आम्ही केलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत (दहा वेळा धुऊन, लोणच्यातही मीठच) ती पाच आठवडे पडून आहे. पाण्याला निळसर झाक येते. दर सोमवारी तो त्यातलं थोडं पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेतो. सर त्यात नायट्रिक आम्ल घालून सोड्याचे बुडबुडे संपू देतात आणि मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडतात. क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं. पहिल्यांदा ताकासारखं झालं होतं. गेल्या सोमवारी नुसतं धुक्यासारखं. "मामा, झालं की आता, काढू?" असा त्याचा फोन आला. म्हटलं, धुकं आहे अजून. बरणीतलं पाणी बदल आणि झाकण लाव.