कुत्र्याची खाज आणि घरची देखभाल (गोवा)

पाळलेला कुत्रा सारखा अंग खाजवतो, पंजे चाटत बसतो, शेपटीच्या मुळाशी दात लावून कुरतडतो, त्याला आपण सरसकट खाज सुटली म्हणतो. खाज हे लक्षण आहे, त्यामागे पिसवा, गोचिडी, बुरशी, खरूज, अ‍ॅलर्जी यातलं काहीही असू शकतं आणि बरेचदा दोन गोष्टी एकदम असतात. म्हणून कुठलीही ट्यूब लावायच्या आधी तो नेमका कुठे खाजवतोय ते बघा. शेपटीचं मूळ आणि मागच्या मांड्या असतील तर बहुतेक पिसवा, कानाच्या कडा आणि कोपरं असतील तर खरजेचा संशय, पंजे, कान नि पोट असेल तर अ‍ॅलर्जी किंवा यीस्ट (बुरशीचाच एक प्रकार). हा अंदाजच, खात्री डॉक्टर कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात तेव्हा होते.

गोव्यात हा त्रास जूनपासून पावसाळाभर जोर धरतो. हवा इतकी दमट असते की लॅब्रा, गोल्डनसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे केस वरून सुकलेले दिसतात पण बोटं आत घातली की कातडी ओलीच लागते. मॅलेसेझिया नावाची यीस्ट कुत्र्याच्या अंगावर एरवीही थोडी असतेच, ओल मिळाली की ती माजते, मग कातडी चिकट, काळपट होते आणि आंबूस वास येतो. आपल्याकडे अशा वेळी हात पहिला खोबरेल तेलाकडे जातो, आणि प्रेमानेच जातो, पण ही यीस्ट चरबीवरच वाढते, त्यामुळे वास येणाऱ्या चिकट कातडीवर तेल चोळू नये.

पिसवा ओळखायची सोपी पद्धत आहे. बारीक दातांच्या फणीने शेपटीजवळचे केस विंचरायचे, फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकायचे, कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेसुद्धा पुरतात, त्यामुळे अंगावर एकही पिसू दिसली नाही म्हणून ती नाहीच असं धरू नका. शिवाय अंडी, अळ्या, कोष हे सगळं अंथरुणात, पायपुसण्यात, सोफ्याच्या फटीत असतं, नुसत्या कुत्र्याला औषध घालून भागत नाही, अंथरूण गरम पाण्यात धुवावंच लागतं. गोचिडींचंही तेच, कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच अंडी घालते आणि चिऱ्याच्या भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत दडून बसते. अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल किंवा काडी लावायची नाही.

आंघोळीला माणसांचा शॅम्पू नको, कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा असतो. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचा औषधी शॅम्पू दिला असेल तर फेस साधारण 10 मिनिटं अंगावर ठेवायचा, लोक लगेच धुवून टाकतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. त्यानंतरचं सुकवणं धुण्याइतकंच महत्त्वाचं, बोटांमधल्या बेचक्या, काखा, कानाखालचा भाग टॉवेलने टिपून पंख्याखाली पूर्ण सुकवा. समुद्रात खेळून आल्यावर मीठ आणि रेती गोड्या पाण्याने धुवून काढावी.

एका जागी चाटून चाटून ओलं, लाल चट्टं झालं असेल (हॉट स्पॉट म्हणतात त्याला) तर भोवतालचे केस जपून कापून जागा सलाईनने साफ करायची आणि गळ्यात कोन (जखमेपर्यंत तोंड पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर) घालायचा, कितीही केविलवाणा बघितला तरी काढायचा नाही.

ताटातल्या चिकन किंवा दुधाचीही अ‍ॅलर्जी असू शकते, पण ती ओळखायला डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण 8 आठवडे एकच ठरलेलं खाणं द्यावं लागतं, मधे बिस्किटसुद्धा नाही. टी ट्री ऑइल, फिनेल, घरातली स्टिरॉइडची ट्यूब हे अंगाला लावू नये, कुत्रा ते चाटतोच. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनवालं गोचिडीचं औषध टाळावं, मांजराचा जीव जाऊ शकतो.

जखमेतून पू येतोय, कान दुखतोय, केसांचे पुंजके गळतायत, किंवा घरच्या माणसांनाही खाज सुरू झालीय (खरूज तात्पुरती माणसांना लागते) तर थांबू नका, तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. गोचिडी असलेल्या कुत्र्याने खाणं सोडलं, ताप आला किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर टिक फिव्हरसाठी (गोचिडीतून होणारा आजार) त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं.