"त्याला समजतच नाही, तर बटण काय लावणार?" हे खरं नाही

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि मग कपडे, चप्पल, जेवण सगळं आईच करते. पण बुद्धी कमी म्हणून हात शिकत नाहीत असं नसतं हो. या मुलांचे स्नायू सैल आणि सांधे ढिले असतात म्हणून वेळ जास्त लागतो, प्रॅक्टिस जास्त लागते, एवढंच.

अमेरिकेत २००१ साली डेल उलरिच यांच्या टीमने डाऊन सिंड्रोम असलेल्या ३० बाळांवर अभ्यास केला. त्यातल्या काहींना आईबाबा घरीच छोट्या ट्रेडमिलवर धरून रोज ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस पावलं टाकायला लावायचे, तर ती बाळं बाकीच्यांपेक्षा साधारण १०१ दिवस आधी चालायला लागली! म्हणजे 'वेळ आली की चालेल' म्हणत बसायची गरज नाही.

बटणाचंही तसंच, फक्त उलट्या क्रमाने, शेवटच्या पायरीपासून शिकवा. मोठं बटण घ्या, काजात अर्ध्याहून जास्त तुम्हीच सरकवा आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याच्यावर सोडा, म्हणजे प्रत्येक वेळी 'मी लावलं' हा आनंद त्याचाच. ते पक्कं झालं की एक पायरी मागे या. आणि प्लीज, घाईच्या सकाळी नको, सुट्टीच्या दिवशी निवांत करा.