फ्रान्शहूक : तुटलेली साखळी कुणाची?

केपटाउनहून गाडीने तासाभरात फ्रान्शहूक येतं. भोवती डोंगर, पायथ्यापर्यंत द्राक्षबागा, आणि 2012 पासून पर्यटकांना बागाबागांतून हिंडवणारी वाइन ट्राम. नावाचा अर्थ ‘फ्रेंचांचा कोपरा’. त्याआधी डच लोक या खोऱ्याला ‘हत्तींचा कोपरा’ म्हणत. आणि डचांच्याही कितीतरी आधीपासून इथे खोई आणि सान लोकांचा वावर होता.

फ्रेंच इथे हौसेने आले नाहीत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1685 मध्ये प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नान्तचा आदेश रद्द केला, प्रोटेस्टंट पंथाच्या ह्युगेनॉटांना देश सोडावा लागला. त्यांतले दीडशे-दोनशे जण 1688 पासून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केपला, म्हणजे आजच्या केपटाउनभोवतीच्या डच वसाहतीत उतरले. केपमध्ये पहिली वाइन 1659 मध्येच निघाली होती. कंपनीला शेती वाढवायला माणसं हवी होती. पण फ्रेंचांचा वेगळा गट होऊ नये म्हणून त्यांना डच शेतकऱ्यांच्या मध्ये जमिनी दिल्या, शाळा आणि कारभार डचमध्ये ठेवला. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली. ला मोत, ला प्रोव्हान्स, काब्रिएर ही मळ्यांची नावं तेवढी उरली.

माहितीफलकांवर गोष्ट बहुधा इथवरच असते. मला ती अर्धीच वाटते. छळातून पळून आलेल्या याच कुटुंबांनी पुढे गुलाम विकत घेतले. बागांमध्ये राबणारी ही माणसं मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियातून आणलेली, तशीच आपल्या मलबार, कोरोमंडल आणि बंगालमधूनही. त्यांची मूळ नावं पुसून कागदोपत्री ‘व्हान मलबार’, ‘व्हान बेंगालेन’ अशी नोंद होई. त्या काळचा केपचा मुख्य अधिकारी सिमोन व्हान डर स्टेल याची आजीसुद्धा भारताच्या किनाऱ्यावरची, गुलामीतून सुटलेली बाई होती, हे वाचून मी थबकले होते.

गुलामी 1834 मध्ये कायद्याने संपली, पण ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे राबावं लागलं. खरी सुटका 1838 ची. त्यानंतरही मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायची ‘डोप’ पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. त्या व्यसनाने घरंच्या घरं पोखरली.

गावाच्या टोकाला ह्युगेनॉट स्मारक आहे. तीन कमानी, पुढे उभी स्त्री. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात तुटलेली साखळी. धार्मिक जाचातून मिळालेल्या मुक्तीची ती खूण. स्मारकाचं उद्घाटन झालं 1948 मध्ये. त्याच वर्षी वर्णद्वेषी राजवट निवडून आली.

जवळच्या स्टेलनबॉश शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्नीएल लागतं. मुक्त झालेल्या गुलामांसाठी 1843 मध्ये मिशनऱ्यांनी वसवलेलं हे गाव. ट्रामने फिरून झालं की इथेही थांबावं. केपमध्ये आजही सप्टेंबर, फेब्रुवारी, एप्रिल अशी आडनावं भेटतात. मालकांनी गुलामांना महिन्यांवरून ठेवलेली ती नावं.