नवीन पीसी घेण्याआधी जुना एकदा उघडून बघू

"फार स्लो झालाय हो, आता नवीनच घ्यावा लागणार ना?" असं विचारत बुधवार पेठेतल्या आमच्या दुकानाची पायरी चढणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. 'हो' कधी असतं, तेही पुढे सांगितलं आहे.

आधी घरीच एक तपासणी करा. पीसी सुरू करून दहा मिनिटं नुसता ठेवा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. काहीही काम चालू नसताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर दुखणं हार्ड डिस्कचं. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, अपुरी. दोन्ही आकडे खाली असूनही मशीन रेंगाळत असेल, तर कॅबिनेट उघडल्याशिवाय आम्हीही काही बोलणार नाही.

उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही. एक पीसी दर अर्ध्या तासाला बंद पडायचा. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदला, असा सल्ला मालकांना कुठेतरी आधीच मिळाला होता. प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खाली जुन्या गादीतल्या कापसासारखा धुळीचा थर, आणि थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, वाळून खडू झालेली. ब्लोअर मारला, पेस्ट नवी लावली, काम झालं. (शिवाय एक वाळलेली पाल निघाली. तिचे पैसे लावले नाहीत.)

आता मुख्य खर्च. खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर एसएसडी घ्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली लागतात आणि प्रत्येकीसाठी डिस्कचं हेड इकडून तिकडे धावतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती धावपळच संपते. तुमचा मदरबोर्ड एच ६१ चिपसेटच्या बोर्डसारखा जुना असेल, तर एसएसडी डब्यावर छापलेल्या वेगाच्या निम्म्यानेच चालेल. चालू द्या. फरक पडतो तो फाइल शोधण्याच्या वेळेत, आणि तो जुन्या बोर्डवरही लगेच जाणवतो. टॅली, वर्ड, ब्राउझर एवढंच काम असेल तर २५६ जीबी पुरते. फोटो जुन्या हार्ड डिस्कवर राहू देत, पण त्यांची एक कॉपी बाहेर हवीच. डिस्क कट्कट् वाजत असेल तर पीसी लगेच बंद करा आणि तसाच घेऊन या.

मग रॅम. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ हे रॅमचे जुना-नवा प्रकार. डीडीआर ३ च्या बोर्डात डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही, दोघींची खाच वेगळ्या जागी असते. दाबून बसवायला जाऊ नका. स्लॉट तुटलेले बोर्ड आमच्याकडे येतात. विंडोज ३२ बिट असेल तर साधारण ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते, आधी ६४ बिट टाकावं लागतं. ८ जीबी घरकामाला पुष्कळ झाली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, म्हणून इथे दर छापलेला नाही. फोन करून त्या दिवसाचा भाव विचारा.

तारीख सारखी मागे जाते आणि बँकेची साइट उघडत नाही? बोर्डवरचा ३ व्होल्टचा बटण सेल संपलाय. यासाठी कोणी फॉरमॅट मारू म्हणालं तर मारू देऊ नका.

प्रोसेसरवर मात्र पैसे घालू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा बहुतेक करून आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय सुद्धा. उदाहरणार्थ, इंटेलचा आय ३-२१२० प्रोसेसर म्हणजे दुसरी पिढी. त्याच सॉकेटमध्ये फार तर तिसऱ्या पिढीचा बसेल, म्हणजे खर्च करूनही अडचण तिथेच. आडवाटेने ११ टाकता येतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. अशा पीसीवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो. मराठी टायपिंग होतं, ब्राउझर चालतो. टॅली किंवा जुन्या फॉन्टवरचं डीटीपी (छपाईसाठी मजकूर जुळवण्याचं काम) असेल तर आधी बोला, कारण ती गाडी तिथे अडते. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल किंवा बोर्डच गेला असेल, तर सरळ नवीन घ्या. त्या मशीनवर पैसे घालायला आम्ही सांगणार नाही.

येताना फक्त कॅबिनेट आणा. मॉनिटर, कीबोर्ड, वायरी इथे आहेत. स्कूटरवर पायाशी ठेवून आणलात तरी चालेल, फक्त खाली जाड चादर घाला. हार्ड डिस्कला खड्डे सोसत नाहीत. आणि पासवर्ड कागदावर लिहून आणा. "मुलाला माहितीये, तो ऑफिसात आहे" यात निम्मा दिवस जातो.