प्रोस्टेट कॅन्सरची तपासणी आणि बायोप्सी

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. पुस्तकात तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात सगळे प्रोस्टेटच म्हणतात. हिचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. रात्री चारदा उठावं लागणं, धार बारीक होणं हे जास्त करून वयामुळे ग्रंथी वाढल्याने होतं, पण म्हणून "वय झालं, चालायचंच" म्हणत अंगावर काढायचं नाही, दाखवायचंच.

पहिली टेस्ट पीएसएची, साधी रक्ततपासणी. पीएसए हे प्रोस्टेटच तयार करते ते प्रथिन, कॅन्सर नसतानाही ते रक्तात असतंच, त्यामुळे रिपोर्टवर ४ च्या वरचा आकडा ठळक दिसला की घरात रडारड सुरू होते ती खरं तर घाई असते. लघवीचं इन्फेक्शन, नुकताच घातलेला कॅथेटर (लघवीसाठीची नळी), साधी वाढलेली ग्रंथी, एवढंच काय आदल्या दिवशीचा संबंध, यानेही आकडा चढतो. पीएसए ४ ते १० मध्ये असलेल्यांपैकी साधारण चौघांत एकालाच कॅन्सर निघतो. उलट बाजूही आहे, ४ च्या खाली असूनही काहींना असतो, आणि वाढलेल्या ग्रंथीसाठीच्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्या चालू असतील तर काही महिन्यांत आकडा जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना सांगायलाच हव्यात. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात, कुठे कडक गाठ लागते का बघतात. लाज वाटते, पण मिनिटभराचं काम आहे.

आता बायोप्सीआधी, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासण्याआधी, बहुधा एमआरआय करतात. त्यात संशयाला १ ते ५ गुण देतात, ४-५ आले की सुई नेमकी तिथेच नेता येते.

बायोप्सीत गुदद्वारात सोनोग्राफीचा प्रोब ठेवून गुदाशयातून किंवा अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या कातडीतून स्प्रिंगची सुई मारतात, दरवेळी टक् असा आवाज येतो आणि शेवयाच्या तुकड्यासारखी बारीक पट्टी निघते, अशा साधारण १० ते १२. कातडीच्या वाटेने इन्फेक्शनचा धोका कमी असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं आधीच विचारून घ्यायचं, मनाने बंद करायच्या नाहीत. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसतं, ते ठीक, पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" या भीतीने कित्येक जण बायोप्सी टाळतात, प्रत्यक्षात सुईच्या वाटेने पसरल्याची उदाहरणं फारच क्वचित आहेत.

रिपोर्टमध्ये ३+४=७ असं काही लिहिलेलं असतं, तो ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचे गुण, डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टच्या १९६० च्या दशकातल्या पद्धतीवरून. कॅन्सर निघाला तर हल्ली कमीत कमी ६ येतो, म्हणजे ६ हा दहापैकी मधला नाही, सगळ्यात सौम्य आहे. अशांना बऱ्याचदा लगेच ऑपरेशन न करता पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी अशी देखरेख ठेवतात. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात १६४३ पुरुषांना देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत वाटलं होतं, १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले १०० मध्ये जेमतेम ३ होते, मात्र देखरेखीच्या गटात तो शरीरात पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, त्यामुळे देखरेख म्हणजे तारखा चुकवून चालत नाही.