टेकलेला रस्ता आणि जोडलेला रस्ता

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कुठली कंपनी काढत नाही. 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला आणि तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक त्यात रस्ते, विहिरी, शाळा, पायवाटा भरत आले आहेत. निपाणी-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यापासून खानापूरच्या रानापर्यंत आपल्या भागात या कामाला भरपूर वाव आहे. पण उत्साहाच्या भरात घातलेली चुकीची माहिती मोकळ्या जागेपेक्षा वाईट. मोकळी जागा दिसली तर माणूस चार जणांना विचारतो. चुकीची रेघ दिसली तर सरळ गाडी घालतो.

या नकाशात मुळात चित्र नसतंच. असतात ते बिंदू. प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांश असतात, बिंदू ओळीनं जोडले की रेघ होते, आणि त्या रेघेला माहिती चिकटवलेली असते: हा राज्यमार्ग, ही गाडीवाट, हा नाला. पडद्यावरचं चित्र संगणक त्यावरून नंतर रंगवतो.

आता समजा, बाचीहून शिनोळीकडे जाणाऱ्या वेंगुर्ला रस्त्याला एक शेतवाट येऊन मिळते. तुम्ही ती काढलीत आणि शेवटचा बिंदू रस्त्याच्या अर्धा मीटर अलीकडे पडला. डोळ्याला ती जोडलेलीच दिसते. पण मार्ग शोधणारा प्रोग्रॅम चित्र बघत नाही, तो फक्त सामाईक बिंदू शोधतो. दोन रेघांत एकही बिंदू सामाईक नसेल, तर त्याच्या लेखी ती वाट तिथंच संपली, आणि त्या वस्तीवर निघालेल्या रुग्णवाहिकेला तो भलताच वळसा दाखवेल. म्हणून टोक रस्त्याच्या रेघेवर नेऊन चिकटलंय का, हे नकाशा मोठा करून बघायलाच हवं. याच्या उलट, 48 क्रमांकाच्या महामार्गावर जिथं उड्डाणपूल आहे, तिथं वरच्या आणि खालच्या रस्त्यांना सामाईक बिंदू देऊ नये. पूल म्हणून नोंद करावी आणि वरचा थर वेगळा दाखवावा. नाहीतर ॲप चालकाला पुलावरूनच खाली वळायला सांगेल.

उपग्रहाची छायाचित्रं वापरतानाही सावध राहावं लागतं. निरभ्र आकाश हवं म्हणून ती बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातली असतात. दर पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगेला पूर आला की जत्राट-भिवशी, कारदगा-भोज असे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. छायाचित्रात मात्र ते कोरडे ठणठणीत दिसतात. अशा ठिकाणी ‘पुरात बुडणारा’ ही नोंद करता येते आणि ती फक्त इथला माणूसच खात्रीनं करू शकतो. पाणी चढलं म्हणून रस्ताच पुसून टाकू नये. लोकांच्या फोनमधले ऑफलाइन नकाशे अधूनमधूनच अद्ययावत होतात. पूर ओसरून पूल खुला झाला तरी तिथं रस्ता गायबच राहील.

शिवाय उपग्रह बऱ्याचदा तिरपा बघतो. ती तिरपाई काढून टाकायला जमिनीची उंची अचूक माहीत असावी लागते, आणि जांबोटी-चोर्ल्याच्या डोंगराळ मुलखात नेमकी तिथंच गफलत होते. मग अख्खं छायाचित्र काही मीटर सरकलेलं असतं. एका कंपनीच्या छायाचित्रावर रस्ता बरोबर बसतो आणि दुसरीच्या छायाचित्रावर तोच शेतातून जाताना दिसतो. अशा वेळी आधीच्या माणसानं काढलेलं गाव उचलून सरकवू नका. त्या रस्त्यावरच्या जीपीएसच्या अनेक नोंदी एकमेकींवर ठेवून बघा, आणि त्यांच्याशी छायाचित्र जुळवून घ्या. एकाच नोंदीवर विसंबू नये, कारण साधा फोन मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडीत त्याहून जास्त. नकाशा दशांशचिन्हानंतर सात आकडे साठवतो, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. पण आकडे वाढले म्हणून मोजणी अचूक होत नाही.

गूगलच्या नकाशात बघून नावं उतरवणं पूर्ण वर्ज्य. ती माहिती त्यांच्या मालकीची आहे, आणि असं उतरवलेलं काम सापडलं की पुसलं जातं.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते नावांवरून, आणि त्याची खरंच गरज नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. आपल्या तोंडी बेळगावच आहे. नकाशात एका गावाला एकच नाव द्यावं लागतं हा समज चुकीचा आहे. मुख्य नावाखेरीज मराठीसाठी वेगळा रकाना आहे, कन्नडसाठी वेगळा, जुन्या नावासाठी आणखी वेगळा. ज्यानं आपला फोन मराठीत ठेवलाय त्याला अनेक ॲप मराठी रकान्यातलं नाव दाखवतात. कन्नड नाव खोडून तिथं मराठी लिहिणं, किंवा कुणी उलट करणं, म्हणजे रोज पुसापुशी आणि शेवटी खातं बंद. त्यापेक्षा आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक वाडीचा मराठी रकाना भरा. तिथं कुणाचीच हरकत नसते आणि नाव टिकतं.

राज्याच्या सीमारेषेलाही हात लावू नये. सीमाप्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा आहे, खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण हा नकाशा आज प्रत्यक्षात कारभार कुणाचा चालतो ते नोंदवतो. आणि तांत्रिक बाजू अशी की तोच एक तुकडा तालुका, जिल्हा आणि राज्य या तिन्हींच्या हद्दीत वापरलेला असतो. एक बिंदू चुकून ओढला गेला तर तिन्ही हद्दी एकदम वाकतात, आणि तुकडाच पुसला तर तिन्ही उघड्या पडतात.

जुनी रेघ चुकीची वाटली तर पुसून नवी काढण्याऐवजी तीच दुरुस्त करा, म्हणजे तिचा इतिहास तिच्याबरोबर राहतो. निपाणी आणि खानापूरचे बदल एकाच गठ्ठ्यात जतन करू नका. तपासणाऱ्याला मधला सगळा जिल्हा धुंडाळावा लागतो. आणि जतन करताना शेरा लिहा. ‘दुरुस्ती’ एवढ्यावर काही कळत नाही. ‘येळ्ळूरची शाळा प्रत्यक्ष जाऊन पाहिली, मराठी नाव फाटकावरच्या फलकावरून घेतलं’ असं लिहिलं, की पुढच्याला शंका आली तरी नेमकं काय तपासायचं ते कळतं.